ब्रूज : दोन मारेकरी आणि थांबलेले नगर

बेल्जियमच्या वायव्य भागात, ब्रुसेल्सहून आगगाडीने सुमारे तासाभरात गाठता येणारे ब्रूज हे नगर मध्ययुगीन युरोपचे अतिशय चांगल्या स्थितीत टिकलेले रूप म्हणून ओळखले जाते, आणि त्याचा जुना भाग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतला गेला. परंतु आज तेथे उतरणाऱ्या प्रवाशांपैकी अनेकांना या नगराची पहिली ओळख झालेली असते ती एका चित्रपटामुळे. मार्टिन मॅकडोना या आयरिश वंशाच्या नाटककाराने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘इन ब्रूज’ हा चित्रपट २००८च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवाच्या प्रारंभी दाखवला गेला. मराठीत ज्याला ‘सुपारी घेणे’ म्हणतात, म्हणजे पैशाच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या सांगण्यावरून कोणाचा तरी जीव घेणे, तो ज्यांचा धंदा आहे अशा रे आणि केन या दोघांची ही कथा आहे. लंडनमधल्या एका कामानंतर मालकाच्या हुकुमावरून ते ब्रूजमध्ये येऊन लपतात. कॉलिन फॅरल यांनी रेचे आणि ब्रेंडन ग्लीसन यांनी केनचे काम केले असून, फॅरल यांना त्यासाठी गोल्डन ग्लोब आणि मॅकडोना यांना पटकथेसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. मॅकडोना यांनी मुलाखतींत सांगितले आहे की ते स्वतः ब्रूजला गेले तेव्हा प्रथम त्या सौंदर्याने भारावले आणि थोड्याच वेळात कंटाळून गेले, आणि मनातले हे दोन सूर त्यांनी पुढे दोन माणसांना वाटून दिले. म्हणजे या गुन्हेपटाचे मूळच एका प्रवाशाच्या अनुभवात आहे, आणि म्हणून त्याचा अभ्यास प्रवासवर्णनाच्या वाटेने, पायी चालत करणे अधिक फलदायी ठरते.

स्थानकातून बाहेर पडून गावाकडे चालू लागलेल्या प्रवाशाला प्रथम मिनेवाटर नावाचा शांत जलाशय आणि त्यावरचे राजहंस लागतात. या हंसांविषयीची दंतकथा अशी, की १४८८ साली ब्रूजच्या नागरिकांनी आपला राज्यकर्ता माक्सिमिलियन याला बाजारचौकातील एका घरात कैदेत ठेवले आणि त्याचा विश्वासू अधिकारी पीटर लांखाल्स याचा शिरच्छेद केला. लांखाल्स हे आडनाव ‘लांब मान’ या अर्थाच्या शब्दांशी जुळते, म्हणून शिक्षा म्हणून या नगराने कायम लांब मानेचे पक्षी पाळावेत असे ठरले. दंतकथेतला हंसांचा भाग खरा मानण्याचे कारण नाही, पण कैद आणि शिरच्छेद या घटना इतिहासात घडलेल्या आहेत. पर्यटनाच्या पत्रकांवर दिसणारा हा सर्वांत गोड पक्षी मुळात एका वधाच्या प्रायश्चित्ताची खूण म्हणून सांगितला जातो, ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढे जावे, कारण ब्रूजमध्ये सुंदर वस्तूच्या मागे खटला किंवा शिक्षा निघण्याचा हा शेवटचा प्रसंग नव्हे.

जलाशयाला लागून असलेले पांढऱ्या भिंतींचे बेगेनहोफ, म्हणजे नवस-शपथांनी कायमच्या न बांधलेल्या धार्मिक स्त्रियांची वसाहत, १२४५ सालची आहे. तिच्या अंगणातून बाहेर पडल्यावर कालव्यांचे गाव सुरू होते. हे गाव असे जसेच्या तसे का राहिले, याचे उत्तर दुःखद आहे. ११३४च्या सागरी वादळाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी तयार केली आणि तिच्यामुळे ब्रूजचा समुद्राशी संबंध जुळला. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत इंग्लंडची लोकर, इटलीच्या पेढ्या आणि हान्सा या उत्तर जर्मन व्यापारीसंघाचे लोक येथे एकत्र आले, आणि फान डेर बूर्झे या खाणावळवाल्या कुटुंबाच्या दारासमोर चालणाऱ्या व्यवहारांवरून युरोपातील अनेक भाषांना शेअर बाजारासाठी ‘बोर्स’ हा शब्द मिळाला. नंतर झ्विन गाळाने भरत गेली, पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी अँटवर्पकडे सरकले, आणि ज्या नगराकडे नवे बांधण्यासाठी पैसा उरला नाही त्याने जुने पाडलेही नाही. १८९२ साली जॉर्ज रोदेनबाख या लेखकाने आपल्या कादंबरीच्या नावातच ब्रूजला ‘मृत’ म्हटले, ती उपाधी जगभर पसरली आणि येथील कित्येकांना ती लागली, तेही साहजिक होते. मृत या शब्दापेक्षा ‘थांबलेले’ हा शब्द अधिक न्याय्य वाटतो, कारण हे नगर संपले नव्हते, ते वाट पाहत होते. नेमक्या याच अवस्थेमुळे मॅकडोना यांच्या दोन मारेकऱ्यांना लपण्यासाठी पॅरिस किंवा अँटवर्प चालले नसते.

त्यांना मिळालेली खोली वोलस्त्रात या रस्त्यावर, कालव्याच्या पाण्यातून थेट भिंत उठलेल्या एका लाकडी-विटांच्या जुन्या हॉटेलात आहे; ते हॉटेल खरोखरचे असून रोझेनहुडकाय या घाटावरून त्याची मागची बाजू पाण्यासह एका नजरेत येते. पुढे रे ज्या खिडकीतून कालव्यातल्या होडीवर उडी टाकतो ती याच इमारतीची. या खोलीत त्यांना फोनची वाट पाहत बसायचे आहे. वाट पाहणाऱ्या दोन मारेकऱ्यांची ही मांडणी हॅरल्ड पिंटर यांच्या ‘द डम वेटर’ या एकांकिकेची आठवण करून देते, ज्यात तळघरातल्या एका खोलीत बसलेल्या दोघांपैकी एकाला अखेरीस दुसऱ्यावरच पिस्तूल रोखावे लागते. हे साम्य अपघाती नाही, कारण चित्रपटातले दोघे हॉटेलात ब्लेकली आणि क्रॅनम ही खोटी नावे सांगतात, आणि कॉलिन ब्लेकली व केनेथ क्रॅनम या नटांनीच १९८५ साली बीबीसीसाठी झालेल्या त्या एकांकिकेच्या रूपांतरात कामे केली होती. पिंटरच्या तळघराला खिडकी नव्हती. मॅकडोनाने खिडकी दिली आणि तिच्याबाहेर एक संपूर्ण नगर ठेवले, हा त्याचा स्वतःचा शोध होय.

रे अस्वस्थ का आहे हे प्रेक्षकाला हळूहळू कळते. त्याच्या पहिल्याच सुपारीत त्याने कबुलीजबाबाच्या कोठडीजवळ एका पाद्र्याला गोळ्या घातल्या, आणि त्यातली एक पाद्र्याच्या शरीरातून पार होऊन मागे प्रार्थनेला बसलेल्या लहान मुलाला लागली. त्या मुलाच्या हातातल्या चिठ्ठीवर त्याने स्वतःची पापे लिहून आणली होती, आणि ती पापे म्हणजे लहरीपणा, कच्चे गणित आणि उदास असणे एवढीच होती. मालक हॅरी याला ब्रूज हे परीकथेतले गाव वाटते, कारण बालपणी तो येथे सुखाने राहून गेला आहे, आणि मरण्यापूर्वी रेला काहीतरी सुंदर पाहायला मिळावे म्हणून त्याने त्याला येथे धाडले आहे. मुलाला मारणाऱ्याने जगू नये हे हॅरीचे तत्त्व, आणि ते अमलात आणण्याचे काम केनवर सोपवलेले. ज्या विनोदाला ‘काळा विनोद’ म्हणतात त्याचे स्वरूप येथे स्पष्ट होते: मृत्यू, अपराध आणि शिक्षा यांच्या अगदी लगत, माणसांच्या क्षुल्लक हट्टांतून हसू निर्माण होते, आणि त्या हसण्याने दुःख हलके होत नाही, उलट ते झाकून ठेवण्याची सोय नाहीशी होते. रेच्या तोंडी दिलेले लठ्ठ पर्यटकांविषयीचे व ठेंगण्या उंचीच्या जिमी या नटाविषयीचे शेरे मात्र प्रत्येक ठिकाणी या कसोटीला उतरत नाहीत, आणि जिमीचे पात्र कथानकाच्या शेवटासाठी वापरून घेतले आहे हा आक्षेप रास्त मानावा लागतो.

बाजारचौकातील बेलफोर्ट, म्हणजे नगराचा घंटामनोरा, ८३ मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यापर्यंत ३६६ पायऱ्या आहेत. मध्ययुगीन फ्लँडर्समध्ये असा मनोरा चर्चचा नसून नागरिकांचा असे. त्यात नगराचे हक्क नोंदवलेल्या सनदा कुलपांच्या लोखंडी पेट्यांत ठेवल्या जात, आणि आग, शत्रू, कामाचे तास व चौकातल्या शिक्षा या सर्वांची वर्दी त्याच्या घंटा देत. चढणाऱ्याला हे सर्व क्रमाने भेटते: प्रथम खजिन्याची खोली आणि तिच्या जाळीदार दारामागच्या जुन्या पेट्या, पुढे घड्याळयंत्रणेचे दालन, त्यात खुंट्यांनी भरलेला प्रचंड पितळी नळकांडा, जो फिरताना तारा ओढून ठरलेल्या वेळी सूर वाजवतो, आणि त्याच्याही वर घंटावादकाची लहानशी खोली, जेथे लाकडी दांडे मुठीने दाबून ४७ घंटा वाजवल्या जातात. वरच्या टप्प्यांत जिना इतका अरुंद होतो की उतरणाऱ्याला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. मधल्या खांबाभोवतीचा दोर धरून चढायचे असते आणि तो असंख्य तळहातांनी गुळगुळीत झालेला असतो. अशा जिन्यात चढणारा आणि उतरणारा यांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहून वाट द्यावी लागते, आणि हे प्रत्यक्ष अनुभवल्यावर चित्रपटातला एक प्रसंग वेगळ्याच ताकदीने समजतो. रेला मारण्याऐवजी केन त्याला आत्महत्येपासून वाचवतो आणि आगगाडीत बसवून देतो, मग हॅरीला स्वतः बोलावून या मनोऱ्यावर त्याच्यापुढे निःशस्त्र उभा राहतो. रे पुन्हा खाली चौकात आल्याचे कळताच हॅरी केनच्या मानेत गोळी घालून खाली धावतो. रक्ताळलेला केन याच जिन्याने खाली न जाता वर चढतो, कारण खाली उतरून तो वेळेवर पोहोचणार नसतो. माथ्यावरून तो प्रथम खिशातली नाणी टाकतो, की खालच्या लोकांनी बाजूला व्हावे, आणि मग स्वतः उडी घेतो, की आपल्या पडण्याने रेला धोक्याची सूचना मिळावी. चित्रपटाच्या आरंभी याच मनोऱ्याच्या तिकिटासाठी केनच्या हातात पाच युरोंना दहा सेंट कमी पडणारी चिल्लर असते आणि तिकीटवाला ती नाकारतो. ज्या मनोऱ्याची सारी रचनाच नगराला इशारा देण्यासाठी झाली, तेथे घंटेच्या जागी एक माणूस स्वतःला वापरतो. या चित्रपटातला याहून मोठा क्षण दाखवता येणार नाही.

बुर्ख हा दुसरा, लहान चौक बेलफोर्टपासून दोन मिनिटांच्या अंतरावर आहे. त्याच्या उत्तर बाजूला आता झाडे, बाकडी आणि एक हॉटेल दिसते, परंतु १७९९ साली पाडले जाईपर्यंत येथे सेंट डोनेशियनचे चर्च उभे होते, आणि त्याच्या पायाचे अवशेष त्या हॉटेलच्या तळघरात जतन केलेले आहेत. २ मार्च ११२७ रोजी सकाळी या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत असलेल्या चार्ल्स या फ्लँडर्सच्या काउंटचा, म्हणजे प्रांताधिपतीचा, तलवारीने वध झाला. दुष्काळात धान्य साठवणाऱ्यांना त्याने आळा घातला होता आणि एरेंबाल्ड या बलाढ्य घराण्याचे मूळ दास्यातले आहे हे सिद्ध करण्याचा प्रयत्न चालवला होता. मारेकरी त्याच घराण्याचे व त्यांच्या साथीचे होते. पुढे काय घडले ते गाल्बर्ट नावाच्या लेखनिकाने जवळजवळ दिवसागणिक नोंदून ठेवले आहे, आणि मध्ययुगातील गुन्ह्याचा इतका जवळून लिहिलेला वृत्तान्त क्वचितच सापडतो. मारेकरी गढीत लपले, वेढा पडला, ते मागे हटत ज्या चर्चमध्ये खून केला त्याच चर्चच्या मनोऱ्यात अडकले, आणि काही आठवड्यांनी शरण आल्यावर त्यांतल्या पंचवीसहून अधिक जणांना काउंटच्या वाड्याच्या मनोऱ्यावरून एकेक करून खाली ढकलण्यात आले. चित्रपटात या घटनेचा उल्लेख नाही आणि मॅकडोनाला ती ठाऊक होती असे म्हणण्यास आधारही नाही. तरी चर्चमधला खून, लपलेले मारेकरी आणि मनोऱ्यावरून पडणे हे तिन्ही धागे या एका चौकात नऊशे वर्षांपूर्वी एकत्र आले होते, आणि हे जाणून उभा राहिलेला प्रवासी केनची उडी अधिक खोलवर समजू शकतो: तेथे मनोऱ्यावरून पडणे ही शिक्षा होती, येथे ती कोणाला तरी वाचवण्यासाठी आपणहून स्वीकारलेली आहे.

ग्रोनिंगे संग्रहालयात शिक्षेचे हे रूप रंगांत भेटते. हेरार्ड दाविद या चित्रकाराने १४९८ साली ब्रूजच्या नगरसभागृहासाठी पूर्ण केलेल्या जोडचित्राचा विषय हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या कथेतला आहे: सिसाम्नेस हा न्यायाधीश लाच घेताना सापडला, इराणचा राजा कंबुजीय याने त्याची कातडी सोलवली, ती न्यायासनावर अंथरली आणि त्या आसनावर त्याच्याच मुलाला बसवले. अशा चित्रांना न्यायबोधचित्रे म्हणता येईल, कारण निवाडा देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती टांगली जात. उजव्या चित्रफलकाजवळ गेल्यास दिसते ते असे: चार जण मन लावून काम करत आहेत, त्यांतल्या एकाने दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून सुरी दातांत धरली आहे आणि तो पायाची कातडी पायमोजा उतरवावा तशी खाली ओढतो आहे, सिसाम्नेसचे दात आवळलेले आहेत, भोवतीच्या प्रतिष्ठितांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर किळस नाही, क्रोधही नाही. क्रौर्यापेक्षा हे शांत कौशल्य मनावर अधिक बसते. रे याच चित्रासमोर थांबतो. त्यानंतर दोघे हिएरोनिमस बॉशच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘अंतिम न्यायनिवाडा’ या त्रिदल चित्रापाशी येतात आणि रेला पर्गेटरीविषयी बोलावेसे वाटते. पर्गेटरी, म्हणजे शुद्धिस्थान, ही कॅथलिक श्रद्धेतील स्वर्ग आणि नरक यांच्यामधली अवस्था होय, जेथे आत्मा शुद्ध होईपर्यंत थांबतो. वसई परिसरातील मराठी कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला ज्या आत्म्यांसाठी कबरींवर मेणबत्त्या लावतात ते याच अवस्थेतले मानले जातात. या संभाषणानंतर चित्रपटाचे ब्रूज हे लपण्याचे ठिकाण राहत नाही. शेवटी गोळ्या लागलेला रे धुक्यातून एका चित्रीकरणाच्या जागी अडखळत पोहोचतो, तेथे बॉशच्या चित्रातल्यासारखे मुखवटे घातलेले लोक त्याच्याभोवती उभे असतात, आणि हॅरीची गोळी रेच्या शरीरातून पार होऊन शाळकरी मुलाच्या वेषातल्या जिमीला लागते. आपण मूल मारले असे समजून हॅरी स्वतःच्या तत्त्वाप्रमाणे स्वतःला संपवतो. रे जगला की नाही हे चित्रपट सांगत नाही. त्याला रुग्णवाहिकेत नेताना त्याच्या मनात जगण्याची इच्छा मात्र प्रथमच उमटते.

पवित्र रक्ताच्या बासिलिकेत ख्रिस्ताचे रक्त म्हणून पूजला जाणारा अवशेष आहे, आणि चित्रपटात केन त्याच्या दर्शनाला रांगेत उभा राहतो, रे राहत नाही. पण पडद्यावर दिसणारा अंतर्भाग त्या बासिलिकेचा नसून गावाच्या ईशान्येकडील जेरुसलेम चर्चचा आहे. मूळच्या जिनोव्हा येथील अदोर्नेस या व्यापारी कुटुंबाने ते बांधले. त्याच्या वेदीच्या दगडावर कवट्या, हाडे आणि शिड्या कोरलेल्या आहेत आणि मधोमध अँसेल्म अदोर्नेस व त्याची पत्नी यांचे समाधिशिल्प आहे. १४८३ साली अँसेल्मचा स्कॉटलंडमध्ये खून झाला, आणि तेथून ब्रूजला आणून या समाधीत ठेवले गेले ते त्याचे हृदय.

तेथून कोनिंगिन आस्त्रिदपार्कपर्यंत, जेथे रे बाकावर बसून स्वतःवर पिस्तूल रोखतो, चालत थोडाच वेळ लागतो. ते एक साधे शहरी उद्यान आहे, मुले खेळत असतात, आणि चित्रपटातल्या प्रसंगाची आठवण देणारे तेथे काही नाही. केनने मागून येऊन त्याला थांबवले ते येथे, आणि ज्या पिस्तुलाने त्याला मारायचे होते तेच लपवत त्याने त्याला जगण्यास सांगितले.

युरोपच्या सहलींत ब्रूजच्या वाट्याला बहुतेक वेळा दुपारचे दोन-तीन तास येतात. कालव्यावरची होडी, चॉकलेटचे दुकान आणि बेलफोर्टचे छायाचित्र यांत ते संपतात. मराठी प्रवाशाने शक्य झाल्यास येथे एक रात्र मुक्काम करावा, दाविदच्या जोडचित्रासमोर गर्दी नसताना उभे राहावे, जेरुसलेम चर्चसाठी स्वतंत्र वेळ ठेवावा, आणि संध्याकाळी बसगाड्या परतल्यानंतर बाजारचौकात बसून घंटा वाजेपर्यंत थांबावे.